दारूबंदीच्या हिशेबात मुले कुठे?
चंद्रपूर-गडचिरोलीत व्यसनप्रतिबंधाच्या लोकमोहिमा अनेक झाल्या. अल्पवयीन मुलांवरील त्यांचा परिणाम मोजायचा कसा?

चंद्रपूर, प्रतिनिधी – चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी उठविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी घेतला, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ काही आकडे मांडण्यात आले. दारूबंदीपूर्वीच्या २०१० ते २०१४ या काळात दारूविषयक १६ हजार १३२ गुन्हे नोंदले गेले होते; बंदीनंतरच्या २०१५ ते २०१९ या काळात ही संख्या ४० हजार ३८१ वर गेली. गुन्ह्यांत सहभागी महिलांची संख्या १ हजार ७२९ वरून ४ हजार ४२ झाली. आणि याच यादीत शेवटी आणखी एक आकडा होता : ३२२ मुले. अवैध दारूच्या व्यवहारात ही मुले सापडली होती.

दारूबंदी हवी की नको, या वादात दोन्ही बाजूंनी मुलांचा दाखला दिला जातो. बंदीचे समर्थक म्हणतात, दुकान बंद झाले तर कोवळ्या वयातील मुलाच्या हाती बाटली जाणार नाही. बंदीचे विरोधक म्हणतात, दुकान बंद झाल्यामुळेच मुलाच्या दप्तरात बाटली आली. दोन्ही विधाने ऐकताना खरी वाटतात. परंतु त्यांपैकी कोणते खरे, किती खरे आणि कोणत्या गावात खरे, हे ठरविण्यासाठी लागणारी मोजणी या संपूर्ण वादाच्या केंद्रस्थानी कधी आली नाही. गुन्हे मोजले गेले, बुडालेला महसूल मोजला गेला, निवेदने मोजली गेली. मुलगा पहिला घोट कोणत्या वयात घेतो, हा प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला.

शेजारच्या गडचिरोलीत दारूबंदीसोबत गावपातळीवरील व्यसनमुक्तीचे कामही दीर्घकाळ चालले आहे. त्यामुळे अल्पवयीनांमधील मद्यपान रोखण्याच्या सामूहिक कार्यक्रमांचे मूल्यमापन कसे करावे, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी या दोन जिल्ह्यांइतकी योग्य जागा देशात क्वचितच सापडेल.

दोन जिल्हे, दोन वाटा

१९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथे काम सुरू केल्यानंतर आरोग्याचा प्रश्न म्हणून दारूचा विषय पुढे आला. गावोगावच्या स्त्रियांनी तो उचलून धरला आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या आंदोलनाची परिणती १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदीत झाली. वर्ध्यानंतर दारूबंदी लागू झालेला हा राज्यातील दुसरा जिल्हा.

चंद्रपूरमध्ये हीच मागणी पुढे दोन दशकांनी फळाला आली. ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर पायी चालत गेल्या. जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. सहा वर्षांनी, निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर ती उठविण्यात आली.

गडचिरोलीने दरम्यान वेगळी वाट धरली. केवळ कायद्याने दारू थांबत नाही, हे अनुभवास आल्यावर २०१६ मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि ‘सर्च’ यांच्या सहकार्याने ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखूविरोधी जिल्हाव्यापी कार्यक्रम सुरू झाला. गावागावांत संघटना, बंदीच्या अंमलबजावणीसाठी प्रशासन व पोलिसांशी समन्वय, तालुका पातळीवर व्यसन उपचाराची सोय आणि शाळांसह सर्वत्र जनजागृती, अशी त्याची आखणी आहे. म्हणजे एका जिल्ह्यात कायदा आला आणि गेला; दुसऱ्यात कायदा राहिला आणि त्याला लोकसंघटनेची जोड देण्याचा प्रयत्न झाला.

अल्पवयीनांचा वेगळा विचार का?

महाराष्ट्रात बीअर व वाइन पिण्यासाठी किमान वय २१ आणि देशी-विदेशी कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. याशिवाय बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार, वैद्यकीय कारणाव्यतिरिक्त मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलम ७८ नुसार मुलाचा वापर दारूच्या विक्रीसाठी, वाहतुकीसाठी किंवा तस्करीसाठी करणाऱ्यासही तितकीच शिक्षा आहे. या दृष्टीने पाहिले तर वर उल्लेखलेली ३२२ मुले प्रथमतः पीडित ठरतात. त्यांच्या हाती पिशवी देणारे प्रौढ किती पकडले गेले, हा त्या आकड्यासोबत विचारला जायला हवा असा प्रश्न आहे.

वैद्यकीय कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. किशोरवयात मेंदूची वाढ चालू असते. विशेषतः विचार करून निर्णय घेणारा भाग सर्वांत उशिरा परिपक्व होतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासानुसार, पंधरा वर्षांच्या आत पिण्यास सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूवर अवलंबून झाले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात हेच यामागील एकमेव कारण आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. घरातील व्यसन, गरिबी, सुटलेली शाळा ही कारणे लवकर सुरुवात आणि पुढचे व्यसन या दोहोंच्या मुळाशी असू शकतात. तरीही पहिल्या घोटाचे वय पुढे ढकलणे हे जगभरच्या प्रतिबंध कार्यक्रमांचे मुख्य उद्दिष्ट आहे, ते या कारणामुळेच.

देशपातळीवर याचा अंदाज देणारे एक मोठे सर्वेक्षण उपलब्ध आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सर्वेक्षणानुसार १० ते १७ वयोगटातील १.३ टक्के, म्हणजे सुमारे ३० लाख मुले दारू घेत होती. टक्केवारी लहान दिसते. संख्या लहान नाही.

गुन्ह्यांची नोंद काय सांगते?

चंद्रपूरच्या चर्चेत सर्वाधिक वापरला गेलेला पुरावा म्हणजे गुन्ह्यांची संख्या. १६ हजारांचे ४० हजार झाले, म्हणजे बंदी फसली, असा त्यातून काढला गेलेला सरळ निष्कर्ष. येथे सावधगिरी हवी. बंदी लागू होताच, आदल्या दिवसापर्यंत कायदेशीर असलेली विक्री गुन्हा ठरते. पोलिसांनी अधिक छापे घातले तर गुन्हे वाढतात. हात आखडता घेतला तर कमी होतात. त्यामुळे नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा मुख्यतः कायद्याची व्याप्ती आणि पोलिसांची तत्परता दाखवितो. जिल्ह्यात एकूण किती दारू प्यायली गेली आणि ती कोणत्या वयाच्या लोकांनी प्यायली, हे त्यातून कळत नाही.

मात्र याच आकड्यांना सरसकट बाजूला सारणेही योग्य नव्हे. मुले तस्करीत सापडली, हा बंदीचा अनपेक्षित दुष्परिणाम आहे आणि कोणत्याही प्रामाणिक मूल्यमापनात त्याची नोंद व्हायलाच हवी. प्रश्न तुलनेचा आहे. दुकाने सुरू असताना किती मुले दारू आणायला पाठविली जात होती, किती मुले बारमध्ये वा अड्ड्यावर कामाला होती? तो व्यवहार गुन्हा म्हणून नोंदला जात नसेल तर बंदीपूर्वीचा रकाना रिकामाच राहणार. रिकाम्या रकान्याशी केलेली तुलना दिशाभूल करते.

महसुलाचा आकडाही असाच आहे. बंदीच्या काळात उत्पादन शुल्काचे १ हजार ६०६ कोटी आणि विक्रीकराचे ९६४ कोटी, असे एकूण २ हजार ५७० कोटी रुपये बुडाल्याचे शासनाने सांगितले. ही रक्कम शासनाच्या तिजोरीसाठी खरी आहे. पण ज्या कुटुंबांनी ती दारूवर खर्च केली नसेल, त्यांच्या घरी ती कशावर खर्च झाली, मुलांच्या शाळेवर की चोरट्या दारूवर, हा हिशेब त्या शेजारी मांडलेला नव्हता.

सर्वेक्षणाचा आरसा आणि त्याच्या कडा

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील जिल्हानिहाय आकडे जाहीर झाले तेव्हा अनेकांना धक्का बसला. राज्यात पंधरा वर्षांवरील पुरुषांमध्ये दारू पिणाऱ्यांचे प्रमाण १३.९ टक्के असताना, दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत ते सुमारे एक तृतीयांश निघाले. ‘बंदी असूनही सर्वाधिक’ असे त्याचे वर्णन झाले.

या आकड्याचा अर्थ लावताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, कार्यकारणाची दिशा. जेथे पिणे अधिक तेथेच बंदीची मागणी जोर धरते. गडचिरोलीची तुलना कोल्हापूर वा पुण्याशी करून बंदीचे यशापयश ठरविणे म्हणजे, रुग्णालयात आजारी माणसे अधिक दिसतात म्हणून रुग्णालयाला दोष देण्यासारखे आहे. दुसरी, घरी गाळलेली दारू. मोहाची दारू या भागात दुकानाच्या आधीपासून आहे. गोंड व माडिया समाजांत देवकार्यात आणि लग्नकार्यात तिला स्थान आहे. दुकान बंद केल्याने ती आपोआप बंद होत नाही. तिसरी आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हे सर्वेक्षण पंधरा वर्षांपासून पुढच्यांनाच विचारते. बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्यात नाही. सोळा वर्षांचा मुलगा आहे, पण त्याला प्रश्न घरी विचारला जातो, अनेकदा आई-वडील हाकेच्या अंतरावर असताना. तो काय उत्तर देईल, याची कल्पना कोणीही करू शकतो.

राज्यात ‘बाटली आडवी’ म्हणून ओळखली जाणारी मतदानाची पद्धत २००८ च्या आदेशाने निश्चित झाली. त्यानुसार गावातील वा वॉर्डातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी करण्याच्या बाजूने मत दिले तर दुकान बंद होते. स्त्रियांच्या हाती आलेले हे मोठे साधन आहे. पण मतदान गावाची इच्छा सांगते, परिणाम सांगत नाही. दुकान बंद झाल्यावर दोन वर्षांनी गावातील मुलांचे काय झाले, हे पाहण्यासाठी पुन्हा कोणी पेटी ठेवत नाही.

इतरत्र काय आढळले?

अल्पवयीनांच्या मद्यपानावर समाजाने एकत्र येऊन केलेल्या उपायांची काटेकोर तपासणी जगात अनेक ठिकाणी झाली आहे. तिच्यातून काही धडे स्पष्टपणे पुढे येतात.

पहिला धडा अपयशाचा आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम देशभर पसरला. गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन मुलांना व्यसनाचे दुष्परिणाम सांगत. पालक खूश होते, शिक्षक खूश होते, पोलीसही खूश होते. १९९०च्या दशकात तुलनात्मक अभ्यास झाले तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यात जवळपास काहीच फरक आढळला नाही. भाषण आवडले म्हणून वर्तन बदलले असे होत नाही. आपल्याकडे शाळेत होणारी व्यसनमुक्तीची शपथ, चित्रकला स्पर्धा आणि प्रभातफेरी यांचे अहवाल ‘इतके विद्यार्थी सहभागी झाले’ या वाक्यावर संपतात, तेव्हा हा धडा आठवावा.

दुसरा धडा यशाचा आहे. ‘कम्युनिटीज दॅट केअर’ या पद्धतीची चाचणी अमेरिकेच्या सात राज्यांतील २४ लहान शहरांत २००३ पासून घेण्यात आली. शहरांच्या जोड्या लावून, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने १२ शहरांत कार्यक्रम राबविला गेला आणि १२ शहरे तुलनेसाठी ठेवली गेली. प्रत्येक शहराने आधी आपल्या मुलांचे सर्वेक्षण केले, कोणते धोके सर्वाधिक आहेत ते पाहिले आणि त्यानुसार आधीच सिद्ध झालेले उपाय निवडले. पाचवीतील चार हजारांहून अधिक मुलांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा झाला. आठवीपर्यंत कार्यक्रमाच्या शहरांतील मुलांनी दारूला सुरुवात करण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली.

तिसरा धडा दारू पुरविणाऱ्यांविषयी आहे. मिनेसोटा व विस्कॉन्सिन राज्यांतील १५ समुदायांत १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगात मुलांना उपदेश करण्याऐवजी प्रौढांच्या वागण्यावर भर देण्यात आला. वयाने सज्ञान पण लहान दिसणाऱ्या तरुणींना ओळखपत्राशिवाय दुकानांत पाठवून, दारू मिळते का, हे पाहिले गेले. दुकानदार अधिक वेळा ओळखपत्र मागू लागले. १८ ते २० वयोगटातील तरुण आपल्याहून लहान मुलांना दारू पुरविण्यास कचरू लागले. शाळकरी मुलांमधील बदल मात्र तेवढा ठळक नव्हता. कार्यक्रम एका वयोगटात चालतो आणि दुसऱ्यात चालत नाही, हेही मूल्यमापनानेच कळते.

आइसलँडचे उदाहरण आपल्याकडे बरेच सांगितले जाते. तेथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्यात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. खेळ व छंदांसाठी अनुदान, पालकांचे करार, रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर मर्यादा आणि नियमित सर्वेक्षण यांचा तो परिपाक मानला जातो. त्याच काळात युरोपातील इतर अनेक देशांतही किशोरांचे पिणे घटले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तुलनेचा देश हाती नसेल तर श्रेय किती द्यावे, हे ठरविता येत नाही.

भारतात अशी तपासणी शक्य नाही, हा समजही खरा नाही. दिल्ली व चेन्नईतील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात तंबाखूविरोधी ‘प्रोजेक्ट मैत्री’ची चाचणी झाली. सहावी व आठवीच्या मुलांसाठी वर्गातील उपक्रम, समवयस्क मुलांचे नेतृत्व, पालकांना पाठविलेली पत्रे असे त्याचे स्वरूप होते. दोन वर्षांत तुलनेच्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, तर कार्यक्रमाच्या शाळांत तो १७ टक्क्यांनी घटला. तुलनेच्या शाळा नसत्या तर ही घट लहान वाटली असती. वाढ रोखली गेली हे दिसलेच नसते.

तुलनेचे गणित

मूल्यमापनाचा गाभा या एका उदाहरणात आहे. समजा, कार्यक्रम राबविलेल्या गावांत सुरुवातीला शंभरातील ३० मुलांनी दारू चाखल्याचे सांगितले आणि तीन वर्षांनी त्याच वयाच्या मुलांत हा आकडा २१ झाला. घट ९ ची. पण कार्यक्रम नसलेल्या गावांतही तो ३० वरून २५ वर आला असेल, तर ५ ची घट कार्यक्रमाविना झालीच असती. कार्यक्रमाचे श्रेय उरते ४ चे. उलट, कार्यक्रमाच्या गावांत आकडा ३० वरच स्थिर राहिला आणि शेजारच्या गावांत ४० वर गेला, तर वरवर अपयशी दिसणारा कार्यक्रम प्रत्यक्षात यशस्वी ठरतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीची रचना अशा तुलनेला अनुकूल आहे. वैनगंगेच्या एका तीरावर ब्रह्मपुरी, सावली हे तालुके आणि दुसऱ्या तीरावर देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली हे तालुके. बोली, शेती, बाजार, झाडीपट्टीची नाटके, सारे मिळतेजुळते. एका तीरावर २०१५ ते २०२१ बंदी होती आणि मग उठली. दुसऱ्या तीरावर ती चालू राहिली. नदीच्या दोन्ही काठांवरील गावांतील मुलांची ठराविक अंतराने पाहणी केली तर बंदीचा परिणाम आणि गावसंघटनेचा परिणाम वेगवेगळा पाहता येतो. नदीवर पूल आहेत आणि दारू पूल ओलांडते, हे खरे. म्हणून काठावरची गावे आणि आतील गावे यांचा हिशेबही स्वतंत्र ठेवावा लागतो. दक्षिणेकडे तेलंगणा, पूर्वेकडे छत्तीसगड, येथील सीमावर्ती गावांनाही हेच लागू पडते.

कोणाला, केव्हा, कसे विचारायचे?

शाळेत प्रश्नपत्रिका वाटणे सर्वांत सोपे. परंतु ज्या मुलाने शाळा सोडली आहे, जो मिरची तोडणीसाठी आई-वडिलांसोबत परराज्यात गेला आहे, त्याला धोका सर्वाधिक आणि तोच शाळेतील पाहणीतून सुटतो. त्याउलट आश्रमशाळेतील मुले वर्षातील बहुतांश काळ गावाबाहेर असतात. त्यांची उत्तरे गावच्या कार्यक्रमाविषयी फारसे सांगत नाहीत. म्हणून पाहणी गावाच्या यादीवरून व्हावी, पटावरून नव्हे.

वेळेचे महत्त्व या भागात विशेष आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो आणि पहाटे टोपली घेऊन वेचायला मुलेही जातात. मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी हाती येते. लग्नसराई उन्हाळ्यात, पोळा पावसाळ्यात, दिवाळीनंतर गावोगावी मंडई. पहिली पाहणी एप्रिलमध्ये आणि दुसरी ऑगस्टमध्ये केली तर घट दिसेलच. ती कार्यक्रमाची नव्हे, ऋतूची असेल. दोन्ही पाहण्या त्याच महिन्यात होणे ही साधी पण अनेकदा विसरली जाणारी अट आहे.

प्रश्नही नेमका हवा. ‘तू दारू पितोस का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘पहिल्यांदा चव घेतली तेव्हा तू कितवीत होतास’, ‘मागच्या महिन्यात किती दिवस घेतली’, ‘ती कोणी दिली’, ‘आज हवी असेल तर किती वेळात मिळेल’ असे प्रश्न अधिक माहिती देतात. मोहाची, गुळाची, देशी, बीअर यांची नावे वेगवेगळी घ्यावी लागतात. अनेकांच्या लेखी देवाला वाहिलेल्या मोहाच्या दारूचा घोट ‘पिणे’ नसतोच. प्रश्न गोंडी व माडियातून विचारले जावेत आणि उत्तर नाव न लिहिता बंद पेटीत टाकता यावे. अल्पवयीनांना विचारताना पालकांची संमती आणि मुलाच्या उत्तराची पूर्ण गुप्तता या दोन्ही गोष्टी पाळाव्या लागतात. उत्तरांमुळे कोणावर छापा पडला, असे एकदा जरी घडले तरी पुढची पाहणी निरर्थक ठरते.

आणखी एक पथ्य म्हणजे, कार्यक्रम चालविणाऱ्यानेच अंतिम मोजणी करू नये. ‘मुक्तिपथ’सारख्या कार्यक्रमाने सुरुवातीपासून नमुना सर्वेक्षणाला स्थान दिले, ही जमेची बाजू आहे. अशा कोणत्याही कार्यक्रमाच्या आकड्यांना स्वतंत्र संस्थेच्या तपासणीची जोड मिळाली तर समर्थक व टीकाकार दोघांनाही ते नाकारणे अवघड जाईल.

दुष्परिणाम मोजणे हाही मूल्यमापनाचाच भाग. तस्करीत मुले ओढली गेली का? दारू महागल्यामुळे मुले खर्ऱ्याकडे वळली का? या भागात सुपारी व तंबाखूचा खर्रा शाळकरी मुलांनाही सहज मिळतो. एक व्यसन घटून दुसरे वाढले तर त्याला यश म्हणता येणार नाही. गाव संघटनेच्या दंडामुळे एखादे कुटुंब वाळीत पडले का, हेही पाहावे लागेल.

गावाच्या हाती काय?

हे सारे तज्ज्ञांनीच करायचे, असे नाही. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने मादक पदार्थांच्या विक्री व सेवनावर बंदी घालण्याचा वा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतील मोठा भाग आणि चंद्रपूरमधील काही भाग या कक्षेत येतो. ज्या ग्रामसभेला नियम करण्याचा अधिकार आहे, तिने नियमाचा परिणाम पाहणेही त्यात अभिप्रेत आहे.

त्यासाठी वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, चार नोंदी पुरेशा आहेत : गावात व शेजारी दारू मिळण्याची ठिकाणे किती, बारा ते सतरा वयाच्या मुलांपैकी किती जणांनी बंद पेटीतून, चव घेतल्याचे सांगितले, त्यांना ती कोणाकडून मिळाली, आणि शाळा सोडलेली मुले किती. लहान गावातील एका वर्षाचा आकडा योगायोगाने वर-खाली होऊ शकतो, म्हणून तो एकटा वाचू नये. तालुक्यातील अनेक गावांचे तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र ठेवले की दिशा दिसू लागते. ‘कोणाकडून मिळाली’ हा रकाना सर्वांत उपयुक्त ठरण्याची शक्यता आहे. उत्तर दुकान असेल तर उपाय वेगळा, मोठा भाऊ असेल तर वेगळा आणि घरातील मडके असेल तर पूर्णतः वेगळा.

दारूबंदी ठेवावी की उठवावी, हा निर्णय अखेरीस राजकीय असतो आणि तो केवळ आकड्यांवर होत नाही. परंतु मुलांच्या नावाने निर्णय घेतला जात असेल तर मुलांविषयीची माहिती हाती असणे ही किमान अपेक्षा आहे. चंद्रपूरच्या नोंदीतील ३२२ मुलांची वये काय होती, ती शाळेत जात होती का, त्यांच्या हाती पिशवी कोणी दिली आणि २०२१ मध्ये दुकाने पुन्हा उघडल्यावर त्यांच्यानंतरच्या मुलांचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच पुढच्या वेळी हा वाद अंदाजावर न होता माहितीवर होईल.